दाखवलं तसं

शाळेत हस्तकला शिकवणाऱ्या माणसाला कुणी फारसं मनावर घेत नाही. गणिताच्या मास्तरांना पोरं घाबरतात, भाषेच्या मास्तरांची नक्कल करतात आणि हस्तकलेच्या तासाला खिडकीबाहेर बघतात. बाईंच्या तासाला मात्र खिडकीबाहेर बघायची कुणाची टाप नव्हती. त्या कागदाचं फूल करून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, दाखवलंय तसं करा. कुणी आपल्या डोक्याने एखादी पाकळी जास्त चिकटवली, की ती उपटून परत त्याच्या हातात द्यायच्या. शहाणपणासाठी मधली सुट्टी आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची आणखी एक सवय होती. शिकवताना त्या कधी पोराच्या समोर बसल्या नाहीत. बाकावर त्याच्या शेजारी बसायच्या, त्याचं तोंड असेल त्याच दिशेला तोंड करून. समोर बसलं की आपला उजवा हात पोराच्या डाव्या बाजूला येतो आणि पोर तिथेच गडबडतं, हे त्या नव्या शिक्षिकांना पुन्हा पुन्हा सांगायच्या. नव्या शिक्षिका मान डोलवायच्या आणि समोरच बसायच्या.

निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली तरी आख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. थोरला मुलगा, दादा, त्यांच्याच वर्गात शिकला होता आणि घरीसुद्धा कधी तोंडातून बाई निघून जायचं. धाकटी मुलगी मात्र आईच म्हणायची. धाकटी आता चाळिशीच्या पलीकडे गेली होती, केसांत पांढरं डोकावत होतं. पण घरातलं धाकटं माणूस म्हातारं झालं तरी धाकटंच राहतं. लग्न तिने केलं होतं आणि निभलं नाही म्हणून सोडलंही होतं. तेव्हापासून आईबरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची.

धाकटी फोटो काढायची, आणि तेही खाण्याचे. मासिकांसाठी, पाककृतींच्या पुस्तकांसाठी, पाकिटांवर छापायला. दुसऱ्याच्या तोंडाला पाणी आणून आपलं पोट भरायचा हा धंदा. आइस्क्रीम दिव्याखाली वितळतं म्हणून तिथे कुस्करलेल्या बटाट्याचा गोळा ठेवायचा. पानावरचं दव म्हणजे ग्लिसरीनचे थेंब, आणि वाफ म्हणजे उकळत्या पाण्यात बुडवून वाडग्याच्या मागे लपवलेला कापसाचा बोळा. फोटो झाला की सगळं कचऱ्यात जायचं. आयुष्यभर मेजवान्यांचे फोटो काढलेली धाकटी स्टुडिओत दुपारी उभ्याउभ्या बिस्किटं खायची. बाईंनी एकदा तिचं मासिक चाळलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, दिसतंय छान, पण जेवायला कुणी बसलेलं नाही.

त्या वेळी धाकटी हसली होती.

हिवाळा संपता संपता बाईंनी पातेलं जाळलं. त्याआधी वर्षभर काहीबाही हरवत होतंच. किल्ल्या हरवल्या, नावं हरवली, एकदा तर आख्खी दुपार हरवली आणि बाई चपला घालून जुन्या शाळेच्या बंद फाटकापाशी उभ्या सापडल्या. पण पातेलं जळलं आणि दादा आला. दादा पुलांची तपासणी करायचा. केसाएवढा तडा दिसला तरी लाल खूण करायची, हे त्याच्या अंगात भिनलेलं. शितावरून भाताची परीक्षा करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने काळं पडलेलं पातेलं उलटंपालटं करून बघितलं आणि शहराच्या टोकाला म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास आहे, तिथली खोली आपण बघून आलोय, असं सांगून टाकलं. खोली स्वच्छ होती, खिडकी होती. दादा वाईट नव्हता. त्याच्या घरी सासरे अंथरुणाला खिळून होते आणि वहिनी त्यांच्यापायी अर्धी झाली होती. तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवायला तो तयार नव्हता, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

धाकटी मात्र हट्टाला पेटली. तिने इतर उपाय करून पाहिलेच होते. दिवसा एक मदतनीस ठेवली, तिला कात्रीसुद्धा धड धरता येत नाही म्हणून बाईंनी दोन दिवसांत घरी पाठवलं. डबा भरून ठेवला, तर बाई त्याच्या झाकणाला हात लावेनात. स्वयंपाकघराला कुलूप लावलं, तर बाई दिवसभर कुलपासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि संध्याकाळी त्यांना आपलं घर कुठलं तेही सांगता येईना. हाताला काम असलं की बाई बाई असायच्या. काम काढून घेतलं की उरायची ती कुणीतरी घाबरलेली म्हातारी.

"उन्हाळा लागेपर्यंत थांब," धाकटी दादाला म्हणाली. "तोवर काही झालं, तर तू म्हणशील ते."

दादाने जळकं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाला, ठीक आहे, उन्हाळा लागेपर्यंत. पण एक जरी चूक झाली तर मी गाडी घेऊन येणार आणि तेव्हा मला अडवायचं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ऐकलेलं आता टिकणार नाही, बघितलेलं अजून समजतंय आणि हात शाबूत आहेत. त्यावरून धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. आईला सांगायचं कशाला? आईसमोर नमुना ठेवायचा.

बाजारात तेव्हा कोवळे मटार नुकते आले होते, नवे बटाटे, पातीचा कांदा, पुदिन्याच्या जुड्या. हिवाळा सरला की बाई दरवर्षी या सगळ्याचं सूप करायच्या. दादा लहानपणी त्याला हिरवं पाणी म्हणायचा आणि तीन वाडगे प्यायचा. एका रविवारी सकाळी खिडकीतून ऊन थेट ओट्यावर आलं होतं, तेव्हा धाकटीने कॅमेरा काढला. बाईंना ओट्यापाशी उभं केलं आणि स्वतः त्यांच्या मागे स्टुलावर चढली. फोटो त्यांच्या खांद्यावरून काढायचे, म्हणजे चित्रातला उजवा हात तो बाईंचाच उजवा हात राहील. शेजारी बसण्याचा धडा तिने तेवढा बरोबर गिरवला होता.

मटार सोलणारे हात, बटाटे चिरणारे हात, पात कापणारे हात. उन्हात ते म्हातारे हात इतके देखणे दिसत होते की धाकटीला राहून राहून वाटलं, हे आधी का नाही सुचलं. चुलीच्या फोटोने मात्र पिडलं. पाणी तापलं की वाफ भिंगावर धरायची. शेवटी तिने गॅसचा भिंतीवरचा मोठा नळ बंद केला, गार पाण्याचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि बाईंना बटण फिरवून हात तसाच धरायला सांगितलं. एवढ्या उजेडात निळा जाळ तसाही दिसला नसता. ओट्यावर नारिंगी प्लास्टिकचा लायटर पडला होता, तो चौकटीत घाण दिसत होता म्हणून बोटाने बाजूला सरकवला. फोटो नितळ आला. शेवटचा फोटो भरलेल्या वाडग्याचा काढला, डाव्या कडेला पुदिन्याचं पान आणि मागे, सवयीने, कापसाची वाफ.

फोटो छापून तिने जाड पुठ्ठ्यावर चिकटवले, वर प्लास्टिक चढवलं. पुढचं काम बाईंनी हातातून काढूनच घेतलं. भोकं पाडली, उरलेली हिरवी लोकर शोधून आणली, कार्डं ओवली आणि सरकू नयेत म्हणून दर दोन कार्डांमध्ये गाठ मारली. ओट्याच्या वर ती माळ टांगली. कुठवर आलो ते कळावं म्हणून कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा घेतला. एक काम झालं की चिमटा पुढच्या कार्डावर. ही चिमट्याची युक्ती बाईंचीच. त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की धाकटीच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, हात बरा आहे तुझा, पुढच्या वर्षी प्रदर्शनात ठेवू.

आणि जमलं. खरंच जमलं. धाकटी संध्याकाळी घरी यायची तेव्हा चिमटा शेवटच्या कार्डावर असायचा, पातेलं घासून पालथं घातलेलं असायचं आणि ताटलीखाली तिच्यासाठी वाडगा झाकून ठेवलेला असायचा. गार झालेलं ते सूप ती गरम न करताच प्यायची. रस्त्यावरच्या झाडाला पालवी फुटली, खिडक्या दिवसभर उघड्या राहायला लागल्या. अंड्यांची माळ झाली, भाजलेल्या पावाची झाली. स्टुडिओत ताटं सजवणारी तिची मैत्रीण म्हणाली, तुझ्या आयुष्यातले हे पहिलेच फोटो, ज्यांतलं कुणीतरी खाल्लं. धाकटी फुशारली. रोज संध्याकाळी घासलेल्या पातेल्याचा फोटो काढून दादाला पाठवायला लागली. दादाचं उत्तर यायचं नाही, म्हणजे त्याला पटलं असावं, असं तिने धरलं.

एकदा सुई शोधताना तिला शिवणाच्या डब्यात लायटर सापडला. दोऱ्याच्या रिळांमध्ये नीट उभा करून ठेवलेला. तिने तो उचलला, ओट्यावर नेऊन ठेवला आणि विषय संपला. डोळ्यांत तेल घालून राहीन म्हणून भावाला शब्द दिलेल्या माणसाला एवढी खूण पुरायला हवी होती. पण सुखात असलेल्या माणसाला खुणा दिसत नाहीत. वस्तू काय, या घरात वर्षभर इकडच्या तिकडे होत होत्या.

तिकडे स्टुडिओत पुढच्या अंकासाठी उन्हाळी सरबतांचे फोटो चालले होते. मासिकवाल्यांचा ऋतू नेहमीच एक पाऊल पुढे असतो. धाकटी काचेच्या पेल्यावर पिचकारीने थेंब मारत होती, तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या घरात एक नर्स राहायची, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. सिस्टरचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणामुळेच धाकटीने हातातली पिचकारी खाली ठेवली. बाई ठीक आहेत, सिस्टर म्हणाली, पण तुम्ही आता लगेच या.

जिन्यात अजून गॅसचा वास होता. सिस्टर ड्युटीवरून आली तर वास थेट दारापर्यंत. ठिणगी नको म्हणून तिने बेल न दाबता दार ठोठावलं. बाईंनी दार उघडलं आणि हसून म्हणाल्या, या, सूप होतच आलंय. आत गेल्या आणि पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहून ढवळायला लागल्या. चुलीचं बटण पूर्ण फिरवलेलं होतं. जाळ नव्हता. पातेल्यात गार पाणी, त्यात कच्चे बटाटे, मटार आणि पात, आणि बाई लाकडी चमच्याने ते हलक्या हाताने ढवळत होत्या, खाली लागू नये म्हणून. खिडकी सताड उघडी होती म्हणून निभावलं. सिस्टरने आधी बटण बंद केलं. हिवाळा असता तर खिडकी बंद असती.

धाकटी आत आली तेव्हा बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि चमचा अजून हातातच होता. भीती ओसरली की माणसाला राग येतो, आणि तो नेमका ज्याच्यासाठी भ्यायलो त्याच्यावरच निघतो.

"गॅस पेटवायचा असतो, आई," ती ओरडली. "एवढंही कळू नये?"

बाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ना भीती होती ना अपराध. पोराने नमुना नीट न बघता तक्रार केली की त्यांच्या कपाळावर यायची, ती जुनी आठी तेवढी होती. त्या माळेपाशी गेल्या आणि चुलीच्या कार्डावर बोट ठेवलं.

"यात कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "तू दाखवलंस तसं केलं मी."

धाकटीने कार्ड बघितलं. तिनेच काढलेलं, तिनेच छापलेलं. सुंदर ऊन, सुंदर हात, फिरवलेलं बटण, चकचकीत पातेलं. त्याच्या खाली काही नव्हतं. इतके आठवडे बाईंचे हात जुन्या सवयीने गॅस पेटवत होते. चित्रात नसलेलं ते एक काम आयुष्यभराचा सराव मुकाट करत होता. मग कधीतरी तो सरावही गेला, आणि बाईंपाशी उरलं फक्त चित्र. चित्र दाखवील तेवढंच त्यांनी केलं, हुबेहूब, आपली एकही पाकळी न जोडता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. धाकटीला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

दादा त्याच संध्याकाळी आला. धाकटीला कार्ड लपवता आलं असतं. आईच विसरली म्हटलं असतं, तर कुणाला संशय आला नसता. पण तिने माळेची गाठ सोडून ते कार्ड त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं, वाफ, मोठा नळ, लायटर, सगळं. आईचं काही चुकलेलं नाही, ती सांगत राहिली. फोटो पुन्हा काढते. पडदा लावून काढते, म्हणजे जाळ स्पष्ट दिसेल. लायटर हातात धरलेला दाखवते. दादा कार्डाकडे बघत राहिला. कार्ड त्याने तिरकं करून उजेडात धरलं, तडा बघतात तसं.

"चूक तुझीच आहे," तो शेवटी म्हणाला. "पण तिची असती तर बरं झालं असतं गं. तिला अजून चुकता येतंय, असं तरी वाटलं असतं. आता चित्रात जाळ नसेल, तर तिच्यासाठी जाळच नसतो. पुढच्या फोटोत काय राहील, ते तुला तरी माहीत आहे का?"

दादाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला, पुसून झाला तरी पुसतच राहिला. पूल पडायच्या आधी बंद केला की लोक शिव्या देतात, एवढंच तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं.

सामान बांधायच्या दिवशी बाईंना काय चाललंय ते कळत नव्हतं. दादाने एका साडीची घडी करून पेटीत ठेवली. बाईंनी ती बघितली आणि उरलेल्या सगळ्या कपड्यांच्या तशाच घड्या केल्या, कडेला कड जुळवून. स्वतःला घरातून घालवायची तयारी त्यांनी स्वतःच्या हाताने अशी नेटकी केली की दादा गॅलरीत निघून गेला. माळ धाकटीने सोबत दिली. काढून घ्यायला तिचं मन धजेना.

निवास दादाने सांगितला होता तसाच होता. फरशी स्वच्छ, खिडकीतून झाड दिसत होतं, माणसं मऊ बोलत होती. चूल मात्र कुणालाही नव्हती, साधी पाणी गरम करायची किटलीसुद्धा नव्हती. बाईंच्या पलंगाजवळ भिंतीला खिळा होता, त्यावर कुणीतरी माळ टांगून दिली होती.

धाकटी दर दोन-तीन दिवसांनी जायची. बाई तिला बघून हसायच्या, पण ते हसू सगळ्यांसाठी एकच होतं. हळूहळू त्यांचा चेहरा बारीक व्हायला लागला, गालांची हाडं वर आली. एकदा तिथली सेविका तिला दारातच थांबवून म्हणाली की तुमच्या आई जेवत नाहीत. ताट समोर ठेवलं की नुसत्या बघत बसतात. भरवायला गेलं तर तोंड मिटून घेतात. तुमच्या हातचं काही आणून बघा, घरच्या चवीने खातील कदाचित.

घरची चव म्हणजे बाईंची चव, आणि ती बाईंबरोबरच गेली होती. तरी धाकटी बाजारात गेली. मटारांचा मोसम सरत आला होता, दाणे जून झाले होते. ओट्यापाशी उभी राहिली तेव्हा तिला कळलं की ज्या सुपाचे तिने इतके फोटो काढले, ते तिला करता येत नव्हतं. मीठ किती घालायचं? मीठ काही फोटोत येत नाही. तिने लायटर उचलला, गॅस पेटवला आणि जाळ नीट दिसतोय का ते खाली वाकून बघितलं. मग पुन्हा वाकून बघितलं.

थर्मास घेऊन ती पोचली तेव्हा दुपार होती. बाई खिडकीपाशी टेबलावर हात ठेवून बसल्या होत्या. धाकटीने वाडग्यात सूप ओतलं, वर पुदिन्याचं पान टाकलं, आणि वाडगा पुढे सरकवला. खरी वाफ निघत होती. बाईंचे डोळे लुकलुकले. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या, चिमटा शोधून तो शेवटच्या कार्डावर लावला. परत येऊन वाडगा हळूच फिरवला, पान डावीकडे येईपर्यंत. चित्राशी ताडून बघितलं. बरोबर जमलं होतं. मग त्या बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

धाकटी वाट बघत होती. बाईही वाट बघत होत्या.

गार होईल, खा ना, असं धाकटी दोनदा म्हणाली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. शेवटच्या कार्डापुढे लोकरीचं मोकळं टोक लोंबत होतं.

"पुढचं?" बाईंनी विचारलं.

धाकटीला आधी समजलं नाही. मग समजलं. पुढचं कार्ड नव्हतंच. तिच्या कुठल्याच फोटोला पुढचं कार्ड नव्हतं. आयुष्यभर ती भरलेल्या वाडग्यापाशी थांबली होती, तिच्या धंद्यात तिथेच सगळं संपायचं. जेवायला कुणी बसलेलं नाही, असं बाईंनी किती वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. आणि आता त्याच बाई भरल्या वाडग्यासमोर उपाशी बसल्या होत्या, कारण पुढे काय करायचं ते त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

तिने थर्मासच्या झाकणात स्वतःसाठी थोडं सूप ओतून घेतलं, चमचा उचलला आणि समोरून एक घोट प्यायली. बाईंनी बारकाईने बघितलं. त्यांनीही चमचा उचलला, पण डाव्या हाताने. धाकटी समोर बसली होती, तिचा उजवा हात बाईंच्या डाव्या बाजूला आला होता. चमचा वाकडा झाला, सूप टेबलावर सांडलं, आणि बाई चमचा खाली ठेवून एकदम घाबऱ्याघुबऱ्या झाल्या.

धाकटी उठली. आपली खुर्ची उचलून तिने टेबलाच्या पलीकडे नेली आणि बाईंच्या शेजारी ठेवली, त्यांचं तोंड होतं त्याच दिशेला तोंड करून. दोघींच्या समोर आता खिडकी होती आणि खिडकीबाहेरचं झाड. तिने उजव्या हाताने चमचा धरला, भरला, कडेला टेकवून थेंब गाळला, तोंडाशी नेला आणि गिळला. बाईंनी तिच्या हाताकडे बघितलं आणि उजव्या हाताने चमचा धरला, भरला, कडेला टेकवून थेंब गाळला, तोंडाशी नेला आणि गिळला. मीठ कमी होतं. बाईंनी तसं काही दाखवलं नाही. धाकटीने दुसरा चमचा घेतला, बाईंनी दुसरा घेतला. तिने चावला तो बटाटा बाईंनीही चावला. शेजारच्या पलंगावरची म्हातारी मान उंचावून बघत होती, सेविका दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली.

वाडगा अर्ध्यावर आला. उद्या हे कोण दाखवणार, परवा कोण, हा विचार धाकटीच्या मनात आला आणि तिचे डोळे भरले. तिने चमचा खाली ठेवला आणि मनगटाने डोळे पुसले.

बाई बघत होत्या. त्यांनीही चमचा खाली ठेवला आणि मनगटाने आपले कोरडे डोळे पुसले.